श्यामलाबाईंचं विद्यापीठ

श्यामला देवस्थळींनी फिनलंड पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांचं भाषण ऐकून आलेली माणसं शपथेवर सांगतील की बाई तिथे निदान दहा वर्षं तरी राहून आल्या आहेत. बाईंचा पासपोर्ट कोरा आहे. तो कोलकात्यातल्या डमडमच्या फ्लॅटमधल्या लोखंडी कपाटात लग्नातल्या शालूखाली असतो. एकदा त्याची मुदत संपली, नवा आला, तोही कोराच.

गरियाहाटला साड्यांच्या एका दुकानाच्या वर परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारी छोटी कचेरी आहे. बाई तिथे नोकरी करतात. महिन्यातल्या दोन शनिवारी आईवडील मुलामुलींना घेऊन तिथे जमतात, खालच्या रस्त्यावरच्या फिश फ्रायच्या वासात खुर्च्या भरतात, आणि बाई पडद्यावर चित्रं दाखवत तळ्याकाठच्या एका सरकारी विद्यापीठाची ओळख करून देतात. सुरुवात हिंदीत, माहिती इंग्रजीत, आणि लोकांना हसवायचं असेल तेव्हा बंगालीत. या विद्यापीठाला फाटकच नाही, त्या सांगतात. रस्त्याने जाणारा कुणीही आत येऊन ग्रंथालयात बसू शकतो, कारण विद्यापीठ जनतेचं आहे. मागून कुणीतरी हमखास विचारतं, "गेट नेई? दारोआन नेई?" पहारेकरीसुद्धा नाही? मग बाई सांगतात की प्राध्यापकांना तिथे सर म्हणत नाहीत, सरळ नावाने हाक मारतात. परीक्षा जमली नाही तर पुन्हा देता येते आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. डॉक्टरेट मिळवणाऱ्याच्या डोक्यावर समारंभात उंच टोपी आणि कमरेला चक्क तलवार येते. तलवारीला टाळ्या ठरलेल्या.

आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून: तिथे हजेरी घेत नाहीत. अठरा वर्षांचं मूल हे मोठं माणूस असतं. त्याचे गुण, तो वर्गात येतो की घरी झोपतो, यातलं काहीही विद्यापीठ आईबापांना कळवत नाही. "फोन केलात तरी नाही, काकीमा! तिथे पेरेंट्स मीटिंग नसते!" यावर पोरं खूश आणि आया हसतहसत कासावीस, असा तो कार्यक्रम.

बाई मूळच्या साताऱ्याच्या. भूगोल हा त्यांचा विषय आणि भूगोलच पुढे त्यांच्या कपाळी आला. मनोहर देवस्थळी सरकारी बँकेत अधिकारी. लग्नानंतर बदल्यांचं जे चक्र सुरू झालं ते नागपूर, भोपाळ, विशाखापट्टण, गुवाहाटी करत कोलकात्याला येऊन थांबलं. प्रत्येक गावात बाईंनी मिळेल त्या शाळेत भूगोल शिकवला. एप्रिलच्या नागपुरात त्या टुंड्रा प्रदेश असा काही शिकवत की मुलांनी स्वेटर मागावेत. न पाहिलेली जागा शब्दांनी उभी करायची ही हातोटी, आणि उतारवयात तिच्यावरच नोकरी मिळाली.

बदलीच्या घराला स्वतःचे कायदे असतात. देवस्थळींच्या घरातला सर्वांत कडक कायदा बाईंनीच केला होता: नव्या गावात पहिला महिना तक्रार करायची नाही. पाणी खारट असो, शेजारीण खडूस असो, शाळेत कुणी डबा खाऊन टाको, संध्याकाळी "कसं वाटतंय?" म्हटलं की उत्तर एकच, "छान." कायदा शहाणपणाचाच होता. महिन्याभरात निम्म्या तक्रारी आपोआप विरून जातात, हा बाईंचा अनुभव. मनोहररावांनी तो कायदा थट्टेवारी नेत पाळला. अजेयने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, मनापासून पाळला.

विशाखापट्टणला अजेय दुसरीत होता. शाळेसाठी काळे चामडी बूट घेतले होते, बदलीच्या गडबडीत, पायात न घालून बघता. ते एक माप लहान निघाले. हे आईबापांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की पोरगं घरी आलं की हट्टाने स्वतःचे मोजे स्वतः नळाखाली धुतं. किती गुणी, असं बाईंना वाटायचं. महिना संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अजेय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आता सांगू का? बूट चावतात." मोजे काढून पाहिलं तर टाचा सोलवटून लालबुंद.

ही गोष्ट देवस्थळींनी दागिन्यासारखी जपली. नातेवाइकांत सांगितली, कोलकात्याला आल्यावर मराठी मंडळाच्या गणपतीत सांगितली. आमचा अजेय किती समजूतदार! पुढे बाईंनी ती भाषणातही घातली. कुणाची आई फारच काळजीत दिसली की ही गोष्ट बाहेर यायची. मुलं आपल्याला वाटतं त्याहून चिवट असतात हो, असं शेवटचं वाक्य. आया डोळे पुसत हसायच्या. या गोष्टीने कधी दगा दिला नव्हता.

तर असा हा अजेय. आईच्या भाषणावर वाढलेला मुलगा, तो दुसरीकडे कुठे जाणार? तळ्याकाठच्या त्याच विद्यापीठात दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला त्याला प्रवेश मिळाला तेव्हा बाईंना वाटलं, आता आपली पाहायची राहिलेली जागा हा आपल्यासाठी पाहून येईल. पहिलं वर्ष गेलं. दर रविवारी दुपारी फोन. अभ्यास? छान. जेवण? छान. थंडी? छान आहे. उन्हाळ्यानंतर फोनवर त्याचा चेहरा दिसेनासा झाला. नेट नीट चालत नाही म्हणाला. फिनलंडमध्ये नेट नीट चालत नाही, हे डमडममध्ये बसून दोघांनी ऐकलं आणि खरं मानलं. जे आपल्याला हवंच असतं ते मानायला माणूस पुरावे मागत नाही.

नोव्हेंबरात, दिवाळीचे कंदील उतरवून झाले तेव्हा, बाईंनी शनिवारच्या भाषणासाठी अजेयला निरोप टाकला. ग्रंथालयासमोरचा एक फोटो पाठव, ताजा हवा. पालकांना ताजं आवडतं. गुरुवारी सकाळी बाई डमडमहून मेट्रोत बसल्या आणि फोटो आला. खाली लिहिलं होतं, "काल काढला."

फोटो सुंदर होता. ग्रंथालयाच्या काचा उन्हात झळकत होत्या, बर्चची झाडं हिरवीगार होती, आणि हिरवळीवर मुलं अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत लोळत होती. बाईंनी दोन बोटांनी तो मोठा केला आणि त्यांची नजर झाडांवर अडकली. त्या गावात नोव्हेंबरात बर्चवर पान राहत नाही. सूर्य जेमतेम झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढतो आणि आपल्या दुपारच्या चहाच्या वेळेला तिथे काळोख होतो. बर्फ अजून टिकत नाही, म्हणून उजेड परतवायलाही काही नसतं. वर्षातला सर्वांत काळा महिना तो. हे बाई दर वर्षी सांगत आल्या होत्या, एका वाक्यात, हसतहसत, आणि लगेच पुढच्या चित्राकडे वळत आल्या होत्या. हा फोटो जूनचा होता, फार तर ऑगस्टचा.

खोली विद्यापीठाला लागूनच आहे, असं अजेयनेच सांगितलं होतं. मग एवढं खाली उतरून एक फोटो काढायला त्याला का जमलं नाही? आणि काढला नाही तर नाही, काल काढला असं का लिहावं? बाई कालीघाटला उतरायचं विसरल्या आणि पुढच्या स्टेशनावरून परत आल्या.

संध्याकाळी त्यांनी मनोहररावांना गाठलं. निवृत्तीनंतर मनोहररावांनी बंगाली शिकायचा विडा उचलला होता. ते शिक्षण मासळीबाजारात चालू असल्यामुळे त्यांना बंगालीत फक्त घासाघीस येत असे.

"अहो, अजेयचं काहीतरी बिनसलंय."

"एका फोटोवरून?" फोटो त्यांनी चष्मा वर करून पाहिला. "आळशी आहे, माझ्यावर गेलाय. जुना पाठवला असेल. अगं, मन चिंती ते वैरी न चिंती. फोन कर, विचार, म्हणजे झालं."

बाईंनी फोन लावला आणि दोघांना ऐकू येईल असा ठेवला.

"कसा आहेस रे?"

"छान."

"वर्गाला जातोस ना?"

"हो आई. आत्ता लॅबमध्येच आहे. रविवारी बोलतो."

लॅबमध्ये माणसांचा आवाज असतो, यंत्रांचा असतो. अजेयच्या मागे फक्त एक नळ गळत होता.

"बघ, छान आहे म्हणतोय," मनोहरराव म्हणाले. पण त्यांनी चहा अर्धाच ठेवला, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी तेच केलं, जे करू नका म्हणून त्या इतकी वर्षं आईबापांना सांगत आल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यांनी विद्यापीठाला फोन लावला.

पलीकडे एक बाई होत्या. आवाज स्वच्छ, शांत.

"माझा मुलगा तुमच्याकडे शिकतो. अजेय देवस्थळी. तो वर्गात येतो का, एवढंच मला सांगा."

"माफ करा. कुठल्याही विद्यार्थ्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. तो आमच्याकडे शिकतो की नाही, हेसुद्धा नाही."

"अहो, मी त्याची आई आहे."

"हो, समजलं मला. तुम्हाला त्याची काळजी वाटत असेल तर तुम्ही मला सांगू शकता. मी ऐकून घेईन आणि योग्य त्या माणसाच्या कानावर घालीन. पण उलट तुम्हाला काही कळवता येणार नाही. तो मोठा माणूस आहे."

शब्दन् शब्द बाईंचाच होता. फक्त त्यानंतरचा हशा तेवढा नव्हता.

"तुमचं त्याच्याशी बोलणं होतं ना?" पलीकडून विचारलं.

"दर आठवड्याला."

"मग त्यालाच विचारलंत तर?"

त्या बाईंनी रागावण्यासारखं काहीच केलं नव्हतं, म्हणूनच श्यामलाबाईंना फार राग आला. माझ्या मुलाला विचारून काही कळत नाही, मी त्याला तसाच घडवलाय, हे परक्या बाईला इंग्रजीतून कसं सांगणार? सांगण्यासारखं जे होतं ते त्यांनी सांगितलं. हिरवा फोटो, न दिसणारा चेहरा, गळणारा नळ. स्वतःच्या कानांना ते सगळं हास्यास्पद वाटलं. पलीकडच्या बाईंनी मात्र मध्ये न बोलता ऐकून घेतलं, आणि मग फोन संपला.

शनिवारी खुर्च्या भरल्या. कचेरीचा मालक सारंग मागे दाराशी उभा राहिला. तिशीतला, कोलकात्यातच वाढलेला मराठी मुलगा. मराठी बोलतो, पण त्याच्या मराठीत लिंग आणि वचन आपापल्या मर्जीने हिंडत असतात. हिरवा फोटो त्याला फार आवडला होता, म्हणून तो पहिलाच लावला होता. बाईंनी त्याचा महिना सांगितला नाही. त्या बोलत राहिल्या. फाटक नाही, झालं. सर म्हणत नाहीत, झालं. जिभेला सवय होती, ती तिचं काम करत होती. बाई आतून कुठेतरी दुसरीकडेच होत्या.

हजेरी घेत नाहीत इथपर्यंत आल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. श्रीमती लाहिडी, डमडमच्याच. शेजारी त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती.

"आमार मेयेर किछु होले के जानाबे?" माझ्या मुलीला काही झालं तर कळवणार कोण?

कुणी हसलं नाही. बाईंनी मग सवयीने गोष्टीला हात घातला. बदल्यांचं घर, महिनाभर तक्रार नाही, विशाखापट्टण, काळे बूट, नळाखालचे मोजे. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं घोटलेलं. "आणि तो काय म्हणाला ठाऊक आहे? आई, आता सांगू का? बूट चावतात!" हशा झाला. पुढच्या रांगेत एकीने पदर डोळ्यांना लावला.

श्रीमती लाहिडी हसल्या नाहीत.

"महिनाभर?" त्या म्हणाल्या. टोचून बोलायचा त्यांचा हेतू नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "एवढंसं पोर महिनाभर तसल्या पायांनी शाळेत जात होतं? आणि तुम्ही एकदाही त्याचे पाय पाहिले नाहीत, दिदी?"

ही गोष्ट बाईंनी आजवर कितीतरी वेळा सांगितली होती. कुणीही कधी हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ते मोजे आले. नळाखाली धरलेले छोटे पांढरे मोजे, आणि ते पिळणारे हात. आपण ओट्याशी उभं राहून कौतुकाने पाहत होतो. वळून चार पावलं जाऊन पाहिलं असतं तर मोरीतलं लाल पाणी दिसलं असतं. लाज म्हणजे काय ते बाईंना वयाच्या या टप्प्यावर, भर सभेत, नीट कळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही पाहिले."

"मग तिकडून कोण कळवेल?"

"कुणी नाही. विद्यापीठ कळवणार नाही, तो त्यांचा नियम आहे आणि तो काही वाईट नाही. राहिली तुमची मुलगी. ती सांगेल की नाही, हे तिला सांगायची सवय तुम्ही लावलीत की नाही यावर आहे." बाईंनी हातातला रिमोट टेबलावर ठेवला. "मला आत्ता एक फोन करायचाय. माफ करा."

दारात सारंगने त्यांना अडवलं. "ताई, हे काय बोलून टाकला तुम्ही? लोक घाबरून जाणार!"

"तू त्यांना तलवारीचं सांग," बाई म्हणाल्या आणि जिन्यात आल्या.

खाली साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. फोन बराच वेळ वाजत राहिला. बंद होता होता उचलला गेला.

"आई? आज शनिवार ना? रविवार उद्या आहे."

"माहीत आहे मला."

कसा आहेस, हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच त्याला पढवून ठेवलं होतं.

"अजेय," त्या म्हणाल्या, "बूट चावतात का रे?"

पलीकडे नळ गळत होता, तो ऐकू येत होता. बाईंनी कठडा घट्ट धरला.

"हो," अजेय म्हणाला.

"कधीपासून?"

"आल्यापासूनच. मी वर्गात जात नाही, आई. उन्हाळ्याच्या आधीपासून. एक परीक्षा राहिली होती. पुन्हा देता येते म्हणायचीस ना तू, दिली पुन्हा. पुन्हा नापास. मग सकाळी उठवेनासंच झालं. इथे कुणी विचारत नाही. तू म्हणायचीस तसंच आहे अगदी, कुणीच काही विचारत नाही." त्याचा आवाज फुटला. "काल विद्यापीठातून कुणाचा तरी फोन येत होता. मी घेतला नाही."

"पुन्हा आला तर घे. त्या बाईंना मीच सांगितलंय."

"तू फोन केलास? विद्यापीठाला?" एवढ्यातही त्याला हसू आल्यासारखं वाटलं. "तू?"

"हो, मी. आणि मला का नाही सांगितलंस रे, राजा?"

"वाटलं, महिन्याभरात होईल नीट. मग पुढच्या महिन्यात होईल."

बाईंना रडू आवरेना. एक गिऱ्हाईक पिशव्या घेऊन जिन्याशी आलं, वर पाहिलं आणि चोरपावलांनी मागे फिरलं. वर सारंग मोठ्याने तलवारीचं सांगत होता आणि टाळ्या पडत होत्या.

"महिना संपला, अजेय," त्या म्हणाल्या. "केव्हाच संपला. आता सांग."

"सगळं?"

"सगळं."

मग हळू आवाजात तो म्हणाला, "आई, मला विशाखापट्टणपण आवडलं नव्हतं."

बाई जिन्याच्या पायरीवर खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तिथपासून सांग."